मामा, प्रार्थना तुमच्यापाशी अडलीय

३ फेब्रुवारी

मामा,

पत्राच्या डोक्यावर काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण त्या तासाला मी वर्गात नव्हतो. त्यामुळे नुसतं मामा. फोन तुम्ही उचलत नाही. मामी म्हणते, "सभांच्या गडबडीत असतील." मी म्हटलं, सभा काय सकाळी उठल्यापासून असतात का? तिनं हातातलं पातेलं जरा जोरात ठेवलं. म्हणून पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे कापताही येत नाही.

मुद्दा असा, की तुम्ही गेल्यापासून आमची प्रार्थना बंद आहे. बंद म्हणजे कुणी येत नाही असं नाही. सगळे येतात. संध्याकाळी मी चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्यांचं कडं करतो, तुमचीही खुर्ची मांडतो, आम्ही बसतो, डोळे मिटतो, आणि गप्प. बऱ्याच वेळानं ड्रायव्हरकाका घसा खाकरतात, आम्ही "आमेन" म्हणतो आणि घरी जातो. कशाला आमेन म्हणतो ते आम्हालाही माहीत नाही. वर देवही विचारात पडत असेल, की यांनी मागितलं काय?

कारण तुम्हाला न सांगता कळायला हवं. नंबर तुमचा आहे.

नियम तुमचेच आहेत, आठवण करून देतो. पहिला: दुसऱ्याचं पाप देवाला सांगायचं नाही, ज्यानं त्यानं आपलं सांगायचं. दुसरा: ज्याचा नंबर असेल तो बोलल्याशिवाय पुढच्यानं तोंड उघडायचं नाही, कुणी कुणाला ओलांडायचं नाही, मग त्याला एक संध्याकाळ लागो नाहीतर दहा.

पहिला नियम का केलात ते मला पक्कं आठवतंय, कारण त्या दिवशी हसू दाबून दाबून माझं पोट दुखलं होतं. दातांचे डॉक्टर उठले आणि म्हणाले, "हे प्रभू, आमच्यातल्या ज्या बंधूला उपासनेत घोरायची सवय आहे, त्याला तू जागं कर." लगेच ड्रायव्हरकाका, डोळे गच्च मिटून, "हे प्रभू, ज्यांची प्रार्थना संपता संपत नाही अशांना दोन शब्दांत आटपायची कृपा दे." मग मामी, "हे प्रभू, चिखलाचे बूट घेऊन हॉलमध्ये येणाऱ्या तरुणांवर दया कर." हॉलमध्ये तरुण मी एकटाच. तुम्ही टेबलावर हात आपटलात. "ही प्रार्थना आहे का तक्रारपेटी? मंडळीत संजीवन हवं, देवानं सगळ्यांना नव्यानं जागवावं म्हणता, आणि देवासमोर उभं राहून एकमेकांना टोचता?" असं म्हणालात, आणि मला पहिल्यांदा वाटलं, की आपला मामा पाळक आहे तो काही उगाच नाही.

तर या. बोला. आणि हवं तर परत जा.

तुमचा भाचा


९ फेब्रुवारी, बहुतेक

मामा,

उत्तर नाही. ठीक आहे, मीच लिहितो. मला लिहिताना मजा येते हे मला आताच कळलं. शाळेत कळलं असतं तर कदाचित आज मी कुठेतरी टेबलामागे बसलेलो दिसलो असतो.

लाँड्रीत काम बरं चाललंय. तुम्ही मला तिथं चिकटवलंत तेव्हा वाटलं होतं, आठवडाभर टिकेन. पण चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात हे तुम्हाला माहीत आहे का? एकटा माणूस चादर लोळवतो. दोघांनी चार कोपरे धरायचे, मागे झुकून ताणायची, मग एकानं चालत दुसऱ्याकडे जायचं आणि आपले कोपरे त्याच्या हातात द्यायचे. दिवसभर आम्ही एकमेकांकडे चालत जातो आणि परत येतो. गप्पा आपोआप होतात. एवढ्या गप्पा मी ट्रकवर क्लीनर होतो तेव्हाही मारल्या नव्हत्या, आणि तिथं तर ड्रायव्हर जागा राहावा म्हणून बडबड करणं हेच माझं काम होतं.

कुठून कुठे गेलो. हां, प्रार्थना.

मी तुमच्याकडे आलो तो देवासाठी नाही, हे आपल्या दोघांना ठाऊक आहे. हॉलमागची खोली कोरडी होती आणि मामी पोटभर जेवायला घालते. थंडी सरली की निघायचं असं ठरवलं होतं. पण नवा नियम लागला त्या पहिल्या संध्याकाळी ड्रायव्हरकाका गुडघ्यांवर बसले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसले. म्हणाले, "प्रभू, माझ्या बसच्या रस्त्यावर एक थांबा होता. तिथं एक म्हातारी उभी असायची. चढायला वेळ लावायची. मला उशीर झालेला असला, की मी तिला बघितलंच नाही असं दाखवून गाडी पुढे काढायचो. लोकांना वाटायचं मला दिसली नाही. प्रभू, मला दिसत होती. पुढे गेल्यावर आरशातसुद्धा दिसत होती."

बस. एवढंच. देवाबद्दल मी तोवर जे काही ऐकलं होतं ते माइकवरून ऐकलं होतं. हे इतकं हळू होतं की तुम्ही उठून पंखा बंद केलात. आणि मामा, मला रडायला आलं. का ते अजून सांगता येत नाही. एवढी गावं फिरलो, एवढ्या लोकांच्या पडवीत झोपलो, पण कुणी माझ्यासमोर असं उघडं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामी. "मी बायकांना सांगते, तुमच्यासाठी प्रार्थना करते, आणि घरी येऊन विसरून जाते. त्या माझ्या भरवशावर राहतात." तुम्ही तिच्याकडे असं बघितलंत, जसं काही ती बाई तुम्हाला नव्यानं भेटली.

तेच मला परत हवंय. खोली नको, जेवण नको. जे सुरू झालं होतं ते पुढं जायला हवंय. आणि ते तुमच्यामुळे अडलंय याचा मला इतका राग येतो की आज एक चादर मी फाडली. जुनीच होती. तरी ओरडा खाल्ला.

भाचा

ता. क. तुमच्यानंतर कोण बसतं ते माहीत आहे मला. तो मुद्दा नाही.


१७ फेब्रुवारी

मामा,

तुमचं उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे काय, दोन ओळी. "सभांना अलोट गर्दी आहे, संजीवन सुरू झालं आहे. तुम्ही सर्वांनी प्रार्थनेत टिकून राहावं."

टिकून राहावं! कशावर टिकायचं? खुर्चीवर? ते आम्ही टिकलेलो आहोत, मामा. आमच्यासारखं टिकणारं कुणी नाही. डॉक्टर तर इतके टिकलेत की त्यांना पाठीचा पट्टा बांधावा लागला. त्यांचा नंबर माझ्यानंतर आहे. त्यांनी आपली कबुली कागदावर लिहून ठेवलीय म्हणे, दोन्ही बाजूंनी, आणि ती खिशात घेऊन रोज येतात. दवाखान्यात रोग्याचं तोंड उघडं ठेवून त्या कागदात भर घालत असतात असं त्यांची नर्स सांगते.

परवा त्यांचा धीर सुटला. म्हणाले, "आपण पाळकसाहेबांना सोडून पुढे जाऊ या का? ते तर तिकडे देवाचं काम करताहेत."

ड्रायव्हरकाका म्हणाले, "कुणाला ओलांडायचं नाही असं ठरलंय. मी आयुष्यभर थांबे ओलांडले. आता नाही."

"अहो, पण थांब्यावर माणूस तरी हवा ना!"

"माणूस येईल."

"कधी?"

मी सांगितलं, "उद्या." सगळे हसले. मामी हसली नाही. पूर्वी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या त्या बाईही हसल्या नाहीत.

आता ती संध्याकाळ मी लिहितोच. तुम्ही विसरायचा प्रयत्न करत असाल, म्हणून.

ऑर्गनवाल्या बाईंचा नंबर होता. त्या तुमच्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी पदर सारखा केला, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "प्रभू, हात दुखतो म्हणून मी ऑर्गन सोडला असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. गाणं बिघडावं म्हणून सोडला. उपदेशाच्या आधीचं गाणं बेसूर झालं की मला बरं वाटतं. मी या मंडळीतल्या एका माणसाचा द्वेष करते. रोज सकाळी उठून करते. मला क्षमा कर." मग त्या परत खुर्चीवर बसल्या आणि तुमचा नंबर आला.

तो माणूस कोण ते हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांची मुलगी लग्न मोडून घरी परत आली, त्याच्या पुढच्याच रविवारी तुम्ही उपदेशात म्हणालात, की ज्या घरातल्या मुली संसार टाकून परत येतात, त्या घरातल्या आईचे गुडघे कधी जमिनीला लागलेले नसतात. नाव घेतलं नाहीत. घ्यायची गरजच नव्हती, सगळ्या माना ऑर्गनकडे वळल्या होत्या. ती मुलगी त्यानंतर चर्चमध्ये आली नाही. बाई मात्र येत राहिल्या, हे मला कधी समजलं नाही.

तर तुमचा नंबर. तुम्ही खाली बसलात. आम्ही वाट बघितली. बाईंचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तुमचे ओठ हलले. मग तुम्ही उठलात, पँटचे गुडघे झटकलेत आणि म्हणालात, "उद्या." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मैदानावरच्या सभांना गेलात.

गंमत बघा. तुम्ही काय बोलायला हवं ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे, पण कुणी उच्चारू शकत नाही. कारण ते पाप तुमचं आहे, आणि दुसऱ्याचं पाप सांगायचं नाही हा नियमही तुमचा. छान बंदोबस्त केलात!

भाचा


२२ फेब्रुवारी

मामा,

आज मन चांगलं नाही. भाजीत मीठ नव्हतं म्हणून मामीवर चिडलो. ती म्हणाली, "मी खाल्ली तर मला नाही लागलं तसं." हे तिचं नेहमीचं. तुम्ही नसताना तिच्या कुठल्याच गोष्टीत मीठ नसतं, पण ती तसं म्हणणार नाही.

खरं सांगायचं तर निघून जायचा विचार पुन्हा सुरू झालाय. मी पिशवी भरली आणि परत रिकामी केली. इथून पुढं समुद्राकाठी जहाजांना रंग द्यायचं काम मिळतं असं ऐकलंय. उंचावर टांगून घ्यायचं आणि रंगवत बसायचं, कुणी शेजारी नाही, कुणाचा नंबर नाही. पण मग वाटतं, मी गेलो तर दोन खुर्च्या रिकाम्या, आणि डॉक्टरांची कबुली त्यांच्या खिशातच धुतली जाईल. (त्यांचे कोट आमच्याकडेच येतात धुवायला. खिसे तपासायचं काम माझं आहे. कागद मिळाला तर वाचणार नाही, शपथ.)

लाँड्रीत माझी पत्रं गाजताहेत बरं का. पाठवायच्या आधी मी घडीच्या टेबलावर वाचून दाखवतो. तक्रारपेटीवर तर काउंटरवाली ताई इतकी हसली की तिला उचकी लागली. "उद्या" वाला भाग परत वाचायला लावला. आता कुणी काम टाळलं की म्हणतात, "काय उद्यासाहेब!" इस्त्रीवाल्यानं तर तुमची नक्कल बसवलीय, गुडघे झटकण्यासकट. तुम्हाला बघितलेलं नाही त्यानं, तरी हुबेहूब करतो. माझ्या वर्णनाचीच कमाल म्हणायची.

तुम्ही चिडाल. चिडा. चिडून तरी या.

प्रार्थनेचं म्हणाल तर आज बाई लवकर आल्या होत्या. ऑर्गनवरची धूळ पुसत होत्या. मी विचारलं, "वाजवणार का?" म्हणाल्या, "नाही रे. धूळ होती म्हणून पुसली." मी म्हटलं, "बाई, तुम्हाला राग नाही येत? तुम्ही एवढं बोललात, आणि ते..." त्यांनी फडक्याची घडी केली. "येतो ना. काल मागितलेली क्षमा मिळाली असं वाटलं, आज सकाळी परत राग हजर. मग परत खाली बसायचं. भाकरी रोज भाजावी लागते तसं आहे ते." मी म्हटलं, मग हे संजीवन वगैरे कधी येणार? त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं वाऱ्यासारखं येईल. आता वाटतं, गुडघ्यांवर घट्टे पडतात तसं येत असेल."

मला हे काही पटलं नाही. मला वाराच हवा आहे.

भाचा


२६ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र मी कुणाला वाचून दाखवलेलं नाही.

काल दुपारी मामी लाँड्रीत आली. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड घेऊन. ते नेहमी ती घरी धुते, पण या वेळी त्याच्यावर मेणाचा मोठा डाग पडला होता, म्हणून म्हणाली असेल, भाचा तिथं आहे, नीट करून देईल. मी आत इस्त्रीच्या रोलरपाशी होतो. काउंटरवाली ताई तिला ओळखत नव्हती. कापड कुठून आलं ते विचारलं, आणि मामीनं सांगितलं. त्याबरोबर ताई वळून आत ओरडली, "अरे ए, तुझ्या उद्यासाहेबांकडचं कापड आलंय बघ! आज देऊ म्हणू का उद्या?"

सगळी लाँड्री हसली. इस्त्रीवाल्यानं गुडघे झटकले. मीही हसलो, मामा. आधी हसलो, मग टांगलेल्या चादरींच्या फटीतून बघितलं.

मामी काउंटरला हात टेकून उभी होती. तिनं पावती घेतली, दुमडली, पिशवीत ठेवली. ताईला म्हणाली, "आज नसेल तर उद्या चालेल." साधं, नेहमीच्या आवाजात. आणि गेली.

संध्याकाळी जेवायला वाढलं. भात वाढला, परत विचारलं, परत वाढला. मी काही बोलेन म्हणून वाट बघत असावी. मी भात कालवत राहिलो. ताट उचलताना तिनं विचारलं, "हसणाऱ्यांत तू होतास?"

मी हो म्हटलं.

"बरं," म्हणाली. आणि भांडी घासायला गेली. या वेळी एकाही भांड्याचा आवाज आला नाही.

मला झोप लागली नाही असं नाही. लागली. मी कुठेही झोपतो. पण सकाळी उठलो ते तोंडात घाण चव घेऊन. तुम्ही बाईंना उपदेशाच्या जागेवरून बोललात, नाव न घेता. मी तुम्हाला घडीच्या टेबलावरून बोललो, आणि नावही ठेवलं. तुम्ही एकदाच बोललात. मी दर आठवड्याला, आणि पुन्हा वाचून दाखवलं. लोकांना आवडलं म्हणून त्यात थोडं वाढवलंही. तुम्ही पँटचे गुडघे झटकले होते का नाही हे मला नीट आठवतसुद्धा नाही. वाक्य चांगलं झालं म्हणून लिहिलं.

मी ही सगळी पत्रं तुम्ही यावं म्हणून लिहितोय असं समजत होतो. परत वाचून बघितली. एकातही माझं काही नाही. सगळी तुमच्या पापाची.

क्षमा करा. याचं उत्तर पाठवायची गरज नाही.

भाचा


१ मार्च

मामा,

सांगतो तसं वाचा, मध्येच बंद करू नका.

परवा संध्याकाळी नेहमीसारखं बसलो. डोळे मिटले. गप्प. मला बसवेना. मी खुर्ची मागे सरकवली आणि खाली बसलो. डॉक्टर कुजबुजले, "अरे, नंबर..." काका म्हणाले, "राहू द्या हो डॉक्टर." "पण नियम..." "मी म्हणतो ना, राहू द्या." ज्या माणसानं महिनाभर कुणाला ओलांडू दिलं नाही, तोच.

काय बोललो ते आता धड आठवत नाही. तोंडातून नीट निघालं नाही. मला वाटलं होतं, मला बोलता येतं. एवढंच निघालं, की प्रभू, मी माझ्या मामाचं लोकांत हसं केलं, मला मजा आली, माझ्या मामीला भर दुकानात मान खाली घालावी लागली. आणि मी म्हणत होतो की प्रार्थना मामामुळे अडलीय, पण ती अडली होती याचं मला बरंच वाटत होतं, कारण पुढचा नंबर माझा होता. येशूच्या नावानं आमेन.

वारा वगैरे काही आला नाही. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तेवढाच आवाज. मी खुर्चीवर बसलो तेव्हा मामीनं माझ्याकडे न बघता तिच्या पिशवीतला रुमाल माझ्या मांडीवर टाकला. मला वाटत होतं मी रडत नाहीये.

मग डॉक्टर. त्यांनी खिशातून कागद काढला, उलगडला, चष्मा लावला. आम्ही सगळे सरसावून बसलो, लांबणार म्हणून. त्यांनी पहिली ओळ मनात वाचली, मग मागची बाजू बघितली, मग चष्मा काढला. "मी यात चुका लिहिल्यात," म्हणाले, "पण प्रत्येक चुकीनंतर मी किती चांगला आहे ते लिहिलंय." कागद परत खिशात ठेवला. "मला थोडा वेळ द्या. तयार नाही माझं." त्यांनी एवढं थोडक्यात काही बोललेलं काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. काकांनी त्यांच्या पाठीवर, पट्टा टाळून, हात ठेवला.

लाँड्रीत मी सांगून टाकलं, की ते नाव बंद. काउंटरवाली ताई म्हणाली, "मग काय म्हणायचं?" मी म्हटलं, पाळकसाहेब. "बरं बाबा. लांब आहे जरा." मग थोडं थांबून म्हणाली, "त्या बाई कोण होत्या ते मला आधी सांगायचंस तरी." मेणाचा डाग तिनं स्वतः काढला. इस्त्रीवाला अजून नक्कल करतो. त्याला थांबवायला मला वेळ लागणार आहे, कारण शिकवली मीच.

आता मुख्य गोष्ट.

प्रार्थना संपून सगळे उठले तरी बाई बसून होत्या. मी खुर्च्या रचत होतो. त्यांनी मामीला विचारलं, "सभांच्या गावाला जायला सकाळची बस असते ना?"

मामी म्हणाली, "असते. मी शनिवारी निघतेय. मला घरात बसवत नाही आता. त्यांना आणायला नाही जात. नुसती शेजारी बसेन."

"मी येऊ का?"

मामीच्या हातातली पिशवी खाली गेली. मी खुर्ची तशीच धरून उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "मी जे बोलले ते देवाला बोलले. त्यांना बोललेच नाही. शेजारी बसले होते, तरी तोंड वळवून त्यांना सांगितलं नाही की, मी तुमचा द्वेष केला, मला क्षमा करा. ते माझं राहिलंय."

मी म्हटलं, "अहो बाई, पण आधी चूक तर त्यांनी..."

"दुसऱ्याचं नको," म्हणाल्या.

मामीनं पिशवी उचलली आणि त्या दोघी बसच्या वेळा बोलत बाहेर पडल्या. दारापाशी बाईंची मुलगी त्यांना न्यायला आली होती. ती आत आली नाही, पण पायरीपर्यंत आली होती.

मी तुम्हाला काय बोला ते सांगणार नाही. बाई तुमच्याकडे क्षमा मागायला येताहेत, एवढंच कळवतो, म्हणजे तुम्ही त्या दिवशी सभेला जाणार असाल तर जाऊ नका. शनिवारी दुपारी पोचतील. मी येत नाही. संध्याकाळी हॉल उघडायला कुणीतरी हवं, काका आणि डॉक्टर येतील.

बाईंना बसमध्ये मळमळतं. उतरल्या उतरल्या बोलायला लावू नका. आधी सावलीत बसू द्या, पाणी द्या. मामीची पिशवी जड असेल. ती कुणालाही उचलू देत नाही, तुम्हालाही नाही म्हणेल. तरी हात पुढे करा.

भाचा